पाठीवरचं कुंकू

मित्रांनो, काचेच्या कपाटात जुन्या पंचांगांशेजारी उभी असलेली मी एक सीडी आहे. वय झालं माझं, पण कवडसा अंगावर आला की अजून सगळे रंग दाखवते. तेवढी हौस आहे मला.

परदेशी मालाला देशाची दारं उघडली, त्या नव्वदच्या दशकात मी आगबोटीने आले आणि उज्जैनला, माधव नगरात श्रीनाथच्या संगणकाच्या दुकानात पोचले. तेव्हा मी कोरी होते. एकदा श्रीकांतराव एक झिजलेली कॅसेट घेऊन आले. त्यांच्या आईने, अक्कांनी, स्वतः रचलेल्या अंगाया तिच्यात होत्या. अर्धांगवायूने अक्कांची वाचा गेली होती. त्यांचा आवाज आता त्या फितीतच उरला होता.

गाणं आधी संगणकात आलं. तिथली रॅम मोठी चपळ, पण वीज गेली की सगळं विसरणारी. मग लेझरचा किरण माझ्यातल्या रंगाच्या थरावर बारीक बारीक डाग उमटवत गेला, मधून सुरू होऊन गोल गोल काठाकडे. वाचणारा किरणही त्याच वाटेने फिरतो. कुठे उजेड लख्ख परततो, कुठे मंद, आणि त्यातूनच पुन्हा आवाज होतो. मला वाटायचं, मीच झोपेत गाते आहे. कॅसेटची फीत मात्र त्याच दिवशी गुरफटून तुटली आणि संगणकातली प्रत श्रीनाथने जागेसाठी पुसून टाकली.

शाळेतून आली की अक्कांची नात केतकी मला घरच्या संगणकात लावायची. अक्का खाटेवर डोळे मिटून ऐकायच्या. राम घाटावरचे दिवे निजायला निघतात, ती शेवटची अंगाई त्यांची लाडकी होती. किती सुखाचे दिवस ते!

दसरा आला. अवजारांबरोबर संगणकाची पूजा मांडली आणि मलाही पाटावर बसवलं.

"चमकती साइड खाली ठेव. स्क्रॅच नको यायला," श्रीकांतराव म्हणाले.

"अहो, मला मालूम आहे," सूनबाई विजयाताई म्हणाल्या. त्यांनी मला मऊ फडक्यावर पालथं ठेवलं आणि पाठीवर काठाशी ओलं कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी ते निघेना, तेव्हा पूजेच्या तबकासारखं राखेने घासलं. किती मायेने घासलं! माझा चंदेरी वर्ख सुटला आणि खिडकीतलं ऊन माझ्यातून आरपार जमिनीवर पडलं.

श्रीनाथने मला उजेडात धरून पाहिलं. "काकू, लिहिलेलं सगळं वरच्या साइडलाच असतं, लेबलच्या एकदम खाली. नीचेचा स्क्रॅच तर पॉलिशने निघून जातो. हे आता नाही होणार."

घरी मला लावलं. काठाजवळच्या शेवटच्या अंगाईत दिवे निघाले आणि मी अडखळून थांबले. विजयाताईंनी पदर डोळ्यांना लावला. अक्का वाट पाहत राहिल्या.

तेव्हा केतकी पुढचं म्हणू लागली. एका ओळीत तिचा सूर चुकला. अक्कांनी डाव्या हाताने खाटेवर थाप मारून मान हलवली. केतकीने ती ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा थाप. तिसऱ्यांदा अक्कांचा हात स्वस्थ राहिला आणि डोळे मिटले.

मित्रांनो, मला काठाने धरा, माझी पाठ जपा. पण जे फार प्रिय आहे, ते एकट्या माझ्यावर सोपवू नका. ज्यांचं गाणं आहे, ते समोर आहेत तोवर त्यांच्यापुढे म्हणून घ्या. चुकलात तर सांगायला माझ्यापाशी हात नाही.