घोड्याला अहो-जाहो

आखातातल्या बुदैयाच्या रस्त्यावरच्या त्या तबेल्यात विवेकचं भारी कौतुक चाललं होतं. व्यसनमुक्ती केंद्राची मंडळी दर शनिवारी तिथे यायची, आणि बदर नावाचा तांबूस घोडा म्हणे दोरीशिवाय विवेकच्या मागे मागे चालायचा. घोडा सांभाळणारा हमीद तेच सांगत होता, समुपदेशक इरमही तेच सांगत होती. माणूस आतून शांत झाल्याशिवाय घोडा मागे येत नाही, असं इरमचं शास्त्र. विवेकची बायको सुनंदा ते ऐकत होती. घोड्याचं काय जातंय? त्याला विवेकबरोबर संसार थोडाच करायचा होता!

आजची बैठक शेवटची, घरच्यांसकट. घरचे 'हो' म्हणाले तर विवेक दुपारी ईसा टाउनच्या फ्लॅटवर परतणार, 'नाही' म्हणाले तर केंद्रातला मुक्काम वाढणार. सुनंदाला 'नाही' म्हणायचं होतं. मागच्या वर्षी स्पृहाला शाळेतून आणताना त्याने पिऊन गाडी खांबावर घातली, पोरीचा हात मोडला, आणि तिच्याच उशाशी बसून त्याने शपथेवर सांगितलं की मी थेंबही घेतला नव्हता. तो केंद्रात गेल्यापासून मायलेकींना सुखाची झोप लागत होती. नवरा घरात नसल्याचं सुख होतं ते. सांगायचं कुणाला?

इरमने फोनवर विचारलं तेव्हा सुनंदा 'देखते हैं' म्हणून मोकळी झाली होती. चारचौघांत, परक्या भाषेत, चांगल्या झालेल्या नवऱ्याला नको म्हणायला तिची जीभच रेटेना.

इरमने तिला बदरसमोर उभं केलं. विवेक दोरी धरून घोड्याच्या खांद्याशी, स्पृहा कुंपणाला टेकून.

"विवेकजी से नहीं, बदर से बात कीजिए," इरम म्हणाली. "अपनी ज़बान में. दिल में जो है, सब."

घोड्याशी काय बोलायचं, कपाळ? सुनंदा त्या लांबोड्या तोंडाकडे बघत राहिली आणि सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "अहो..."

विवेकने चमकून पाहिलं. स्पृहाला हसू फुटलं. उभ्या जन्मात सुनंदाने असं फक्त एकाच प्राण्याला म्हटलं होतं.

पण त्या शब्दाने तिची जीभ सुटली. "अहो, ऐकताय ना? तुम्ही बरे झालात, देव पावला. पण मला तुमची भीती वाटते हो. लिफ्टचं दार वाजलं की अजून दचकायला होतं. तुम्ही नव्हतात तर आम्ही दोघी पोटभर जेवलो, खिदळलो. थोडे दिवस इथेच राहा. घरी येऊ नका. पाया पडते तुमच्या, इतक्यात घरी येऊ नका."

बदरने कान हलवले. सुनंदाचे डोळे वाहत होते, पण छातीवरची धोंड उतरली होती. ज्याला कळायचं त्याला कळलं होतं. विवेकचा चेहरा पांढराफटक पडला होता.

इरमचेही डोळे भरून आले. "मैंने 'घर' सुना. बार-बार घर," ती म्हणाली. "स्पृहा बेटा, मम्मी ने क्या कहा?" उर्दू बोलणारी बाई ती. 'घर' तिला कळलं, पण पुढचं 'नका' तिच्या गावीही नव्हतं.

मराठी स्पृहाला पुरती कळायची, बोलायची मात्र ती इंग्रजीत. तिने बापाकडे पाहिलं. विवेकने नकारार्थी मान हलवली, अगदी किंचित, आणि डोळे असे केविलवाणे केले की कुणालाही दया यावी. ही नजर सुनंदाच्या चांगल्या ओळखीची होती.

"शी... शी सेड, कम होम," पोर खाली बघत म्हणाली. "शी सेड, वुई आर वेटिंग."

इरम विवेककडे वळली. "यही कहा ना?"

आता हा सांगेल, सुनंदाला वाटलं. एवढे महिने खरं बोलण्याचेच तर धडे घेतलेत, आता तरी सांगेल.

"जी, यही कहा," विवेक म्हणाला. "बहुत इंतज़ार किया बेचारी ने."

हमीद 'अल्हम्दुलिल्ला' म्हणाला. इरमने सुनंदाला घट्ट मिठी मारली, आणि त्या मिठीत सुनंदाच्या तोंडून साधा 'नहीं' फुटेना. स्वतःचाच तिला संताप आला. स्पृहा पाठ फिरवून रडत होती, तिच्यावर रागावण्यात काय अर्थ होता?

विवेक जवळ आला. "सगळं नीट होईल," तो तिच्या कानाशी पुटपुटला. "चल, बॅग घेऊन येतो."

इतकी वर्षं सुनंदा स्वतःची समजूत घालत आली होती, की खोटं बोलते ती दारू, माणूस नाही. आज त्याच्या तोंडाला कसलाच वास नव्हता.