निवडीच्या दिवसाचा फळा

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे. आता 'पांढरा' हे नुसते म्हणायला. पत्र्यावर चकचकीत मुलामा, पाठीला प्लायवूड आणि चारी कडांना ॲल्युमिनियमची पट्टी असा मी जन्माला आलो आणि लगेच लेथच्या एका कारखान्यात फोरमनच्या टेबलामागे जाऊन बसलो. कोणत्या लेथवर कोणते काम, ते कधी द्यायचे, सगळे माझ्यावर लिहिलेले असे. माझ्याकडे पाहिल्याशिवाय तिथे कोणी मशीनला हात लावत नसे. त्याचा मला थोडा ताठा होता, हे मी कबूल करतो.

फोरमन शिस्तीचे होते. वर्षातून एका रविवारी मात्र ते माझ्यावरची कामे कागदावर उतरवून घेत आणि मला स्वच्छ पुसत. तो निवडीचा दिवस. फुटबॉलचा हंगाम सुरू होण्याआधी आठ जण तिथे जमत आणि खऱ्या खेळाडूंमधून आपापला कागदावरचा संघ निवडत. खेळाडूने खऱ्या सामन्यात गोल केला, की ज्याने त्याला निवडले त्याला गुण. एक खेळाडू एकाच संघात जाई, म्हणून कोणी कोणाला आधी उचलायचे यातच सगळी मेख होती. पाळी नागमोडी चाले. पहिल्या फेरीत एक ते आठ आणि दुसऱ्या फेरीत उलट, आठ ते एक.

यात फोरमनचा हात धरणारे कोणी नव्हते. त्यांची एक वही होती. आठ जण असतील तर गोलरक्षक शेवटी घ्यायचा, कारण चांगले गोलरक्षक आठांना पुरून उरतात. भरवशाचे आघाडीवीर चारच, ते आधी. एके वर्षी मंडळी वाढून चौदा झाली, तेव्हा त्यांनी बेत पार फिरवला आणि बचावपटू आधी उचलले, कारण चौदा जणांत तेही पुरत नाहीत. एकदा पाळीऐवजी बोली लावायचे ठरले. प्रत्येकाला बोलीत खर्चायला शंभर गुण दिले होते. बाकीच्यांनी पहिल्या अर्ध्या तासात मोठ्या नावांवर उधळपट्टी केली. फोरमन हाताची घडी घालून बसले होते. सगळ्यांचे खिसे रिकामे झाल्यावर त्यांनी उरलेले चांगले खेळाडू फुकटाच्या भावात घेतले. एकदा नियम असा आला, की तीन खेळाडू पुढच्या वर्षीही ठेवता येतील. तेव्हा त्यांनी एकोणीस वर्षांचा एक पोरगा घेतला. औषधाच्या दुकानातला कंपाउंडर, आमच्यातला थट्टेखोर गडी, म्हणाला, "फोरमनसाहेब, याला दूध पाजून मोठा करणार की काय?" दोन वर्षांनी तोच कंपाउंडर त्या पोराच्या बदल्यात आपले तीन खेळाडू द्यायला तयार झाला.

फोरमनना जिंकायची हौस होतीच, पण खरी ओढ वेगळी होती. आठांमधला एक त्यांचा मुलगा होता. तो दूरच्या शहरात नोकरीला लागला. एरवी त्याला कधी सुट्टी मिळत नसे, पण निवडीच्या दिवसासाठी तो नऊ तासांचा प्रवास करून येई. बापलेक एकमेकांपासून वह्या लपवत, कोपरखळ्या मारत, आणि दुसऱ्या दिवशी मुलगा परत जाई. फोरमनच्या घरी वर्ष त्या रविवारपासून मोजत.

ते निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने घड्याळ देऊ केले. ते म्हणाले, "घड्याळ नको, फळा द्या." असा मी त्यांच्या घरी पुढच्या खोलीत आलो, आणि निवडीचा दिवसही तिथेच होऊ लागला. मुलाच्या आईने, म्हणजे फोरमनच्या पत्नीने, कारखान्याचे तेलकट डाग काढायला मला तारेच्या घासणीने मायेने घासले. डाग गेले आणि त्यांच्याबरोबर माझा मुलामाही गेला. त्यानंतर माझ्यावर लिहिलेले नीट पुसले जाईना. मागच्या वर्षीची नावे यंदाच्या नावांखाली फिकट दिसत राहिली.

एवढ्याने काही बिघडले नसते. पण फोरमनच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. ते त्यांनी कोणालाही सांगितले नाही. फक्त मला ते माहीत होते, कारण सकाळी घरात कोणी नसले की ते नाक टेकेल इतके जवळ येऊन मला वाचत. त्यांना ताजे नावही फिकट दिसे आणि जुनेही.

त्या वर्षी निवडीच्या दिवशी कंपाउंडर माझ्यावर बारीक अक्षरात नावे लिहीत होता. तिसऱ्या फेरीत फोरमननी एक नाव घेतले. ते आधीच दुसऱ्याच्या संघात गेलेले होते. त्यांना ते मागच्या वर्षीचे वाटले होते. पाचव्या फेरीत पुन्हा तेच झाले. लोक हसले, कंपाउंडरने काहीतरी चेष्टा केली. आठव्या फेरीत त्यांनी तिसऱ्यांदा गेलेला खेळाडू मागितला, तेव्हा मुलगा वैतागून म्हणाला, "बाबा, समोर लिहिलंय ना. लक्ष कुठे आहे तुमचं?"

फोरमन हसून म्हणाले, "वय झालं रे. तूच सांग कोण उरलंय ते." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्याच्या सांगण्यावरून खेळाडू घेतला. मी भिंतीवर होतो आणि मला तोंड नव्हते. चूक माझ्या अंगावर होती आणि बोल त्यांना लागला.

दुसऱ्या दिवशी निघताना मुलाने वडिलांच्या फोनवर एक ॲप टाकून दिले. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. "पुढच्या वर्षीपासून निवड यावरच करू. गेलेला खेळाडू यादीतून आपोआप उडतो, म्हणजे चुकायचा प्रश्नच नाही. सगळ्यांनाच सोपं पडेल."

"बरं झालं," फोरमन म्हणाले. "तुझाही प्रवास वाचेल."

पुढच्या वर्षी निवडीच्या दिवशी खोलीत ते आणि त्यांची पत्नी अशी दोघेच होती. सवयीने ते माझ्यासमोर खुर्ची टाकून बसले. वहीत यंदा ठळक शाईने बोटभर अक्षरे काढलेली होती. प्रत्येक पाळीला फोन साठ सेकंद देई. तेवढ्या वेळात त्यांना यादीतले नाव सापडत नसे, आणि वेळ संपली की फोन स्वतःच कोणालातरी निवडून मोकळा होई.

"अगं, हा कोण घेतला मी?" त्यांनी विचारले.

"मला काय ठाऊक? तुम्हीच घेतला असेल."

चौथ्या फेरीनंतर त्यांनी फोन उपडा ठेवला. मग ते उठले, जाड पेन घेतले आणि माझ्यावर टपोऱ्या अक्षरात अकरा नावे लिहिली. ते त्यांच्या मनातले अकरा जण होते. हंगामभर ते रेडिओवर सामने ऐकत आणि माझ्यावर त्या अकरांचे गुण मांडत. त्यांचा हा संघ कुठल्याच स्पर्धेत नव्हता.

स्पर्धेत होता तो फोनने निवडलेला संघ, आणि तोच पहिला आला. मुलाचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "बाबा, मानलं तुम्हाला. काय निवड केलीत यंदा. कंपाउंडरकाका तर तोंड लपवून बसलेत."

"नशीब रे."

"नशीब कसलं? अजून सगळ्यांना पुरून उरता तुम्ही. मी उगाच काळजी करत होतो."

"तू कधी येतोयस?"

"बघू ना बाबा. आता निवड फोनवरच होते. सुट्टी मिळाली की येतोच."

फोन ठेवल्यावर त्यांची पत्नी म्हणाली, "संघ फोनने निवडला, हे खरं सांगायचं होतंत त्याला."

"किती खूश होता तो," फोरमन म्हणाले. "आता कशाला."

मित्रांनो, मी वस्तू आहे. माझ्यावर पाणी सांडू नका, मला तारेने घासू नका, एवढेच मी माझ्यासाठी मागू शकतो. पण एक गोष्ट तुमच्या घरातल्या माणसांसाठी मागतो. कोणी मोठे माणूस पुन्हा पुन्हा चुकू लागले, तर 'लक्ष कुठे आहे' असे विचारू नका. 'दिसतंय ना नीट?' असे विचारा. त्या रविवारी खोलीत फोरमनबरोबर सात जण खेळत होते. एकाने जरी हे विचारले असते, तरी महिन्याभरात मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले असते आणि मुलगा अजूनही दरवर्षी नऊ तासांचा प्रवास करून आला असता. यंदाही निवडीचा दिवस जवळ आला आहे. फोरमननी वही भरून ठेवली आहे. ती ते कोणापासूनही लपवत नाहीत.