राहुकाळातली सहल

तुंगाबाईंनी अँबॅसिडरचं मागचं दार उघडलं, आत वाकून सीटवरून हात फिरवला, बोटांना धूळ लागली का ते पाहिलं आणि मग ड्रायव्हरला कन्नडमध्ये बजावलं, बारा वाजायच्या आत ही गाडी या फाटकाशी दिसता कामा नये.

नंजप्पाने मान डोलावली. गिऱ्हाइकं त्याला नेहमी लवकर पोचव म्हणत. उशिरा आण म्हणणारं गिऱ्हाईक त्याला नवीन होतं.

कारण साधं होतं. आज शुक्रवार, साडेदहा ते बारा राहुकाळ, आणि भाचीला पाहायला येणारा मुलगा मद्रासहून येणाऱ्या सकाळच्या गाडीने नेमका त्यातच उतरणार होता. प्रवाशांना देशोदेशी फिरवणाऱ्या जहाजावर त्याची नोकरी. जहाज दोन दिवस मद्रास बंदरात थांबलं होतं, त्यातला आजचा दिवस त्याने मुलगी पाहायला काढला होता आणि दुपारच्या गाडीने तो परतणार होता. राहुकाळात मुलगी दाखवायची नाही, पाहुण्याला स्टेशनवर ताटकळत ठेवायचं नाही, म्हणून ही भाड्याची गाडी. राहू सरेपर्यंत त्याला गाव दाखवायचं.

"पण अक्का, मी काय दाखवू त्याला?" नरसिंगरावांनी थोरल्या बहिणीला विचारलं. "जन्म चिकपेटेतल्या दुकानात कापड फाडण्यात गेला. मला लालबागेची वाटसुद्धा विचारावी लागेल."

"मी येते ना, अण्णा," त्यांची मुलगी विद्याश्री म्हणाली. ती चपला घालूनच उभी होती.

"अगं, तुलाच तर पाहायला येतोय तो!" तुंगाबाई म्हणाल्या.

"पाहणं बारानंतर, आत्या. आत्ता नुसती लालबाग."

"राहुकाळात सुरू केलेलं तडीस जात नाही. मागच्या वेळी कळलं ना?"

मागच्या वेळी दावणगिरीचे लोक घाईत होते. राहुकाळातच सुपारी फुटली आणि पुढे लग्न मोडलं. नवऱ्या मुलाचं मन दुसरीकडे होतं म्हणून मोडलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तुंगाबाईंनाही होतं. पण राहूला दोष दिला की माणसाला द्यावा लागत नाही, आणि ज्याला दोष दिला नाही त्याला विसरणं सोपं जातं, असा त्यांचा हिशेब होता.

"म्हणूनच आम्ही काही सुरू करत नाही," विद्याश्री म्हणाली आणि गाडीत बसली.

तुंगाबाई स्वतःच्याच नियमात अडकल्या. "बरं. पण लग्नाचं, नोकरीचं, घराचं एक अक्षर काढायचं नाही. हवापाण्याचं बोला."

"सरी, आत्या."

विद्याश्री चौतीस वर्षांची होती आणि जे. पी. नगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होती. या स्थळाला तिने हो म्हटलं होतं ते खरं तर जहाजाकडे बघून. वर्षातले चार महिने नवरा. उरलेले आठ महिने आपली शाळा, हे राजाजीनगरचं घर आणि ही दोन म्हातारी माणसं. पण आठ-आठ महिने पाण्यावर असणाऱ्याला मुलगी कशी द्यायची, असं नरसिंगरावांनी पत्रातून विचारलं आणि मुलाचं उत्तर आलं, जहाज सोडतो, मुंबईत कचेरीत लागतो. अण्णा आणि आत्या हरखले. विद्याश्रीने त्या संध्याकाळी दहावीचे सगळे पेपर एका बैठकीत तपासले आणि कुणालाच फारसे मार्क दिले नाहीत.

आता ती नकार द्यायला निघाली होती. तो उप्पिटाच्या बशीआडून, सगळ्यांच्या देखत द्यायचा नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं.

सुधींद्र स्टेशनबाहेर आला. चाळिशीचा, उन्हाने रापलेला, हातात एकच पिशवी. नरसिंगरावांना वाकून नमस्कार केला, गाडीत बसलेल्या विद्याश्रीला हात जोडले आणि मग गाडीभोवती एक चक्कर मारून त्याने टायर पाहिले.

"सवय," तो ओशाळून म्हणाला. "जहाज धक्क्याला लागलं की पाहुण्यांना फिरायला गाड्या ठरवून देणं हेच माझं काम. सगळे बसले की मी दारं लावतो आणि धक्क्यावर थांबतो."

"मग तुम्ही त्या गावात काय पाहता?" विद्याश्रीने विचारलं.

"गाड्यांच्या पाठी."

पुढच्या सीटवर नरसिंगराव खोकले. ते हसू होतं.

नंजप्पाने विधानसौध लांबून दाखवलं आणि न सांगताच गाडी एका चंदनाच्या वस्तूंच्या दुकानापुढे उभी केली. सुधींद्रला एकदम घरी आल्यासारखं झालं.

"गिऱ्हाईक आणलं की दुकानवाला किती देतो?" त्याने कन्नडमध्ये विचारलं.

"स्वल्प, सर," नंजप्पा लाजून म्हणाला.

"सगळ्या बंदरांत हेच उत्तर मिळतं." सुधींद्रने नंजप्पाला स्वल्प मिळावं म्हणून दुकानात जाऊन एक कंगवा घेतला आणि मग गाडी लालबागेला लागली.

लालबागेच्या फाटकाशी नरसिंगरावांचे गुडघे अचानक दुखायला लागले. त्यांनी शेंगांची पुडी घेतली, गाडीतच पाय पसरले आणि म्हणाले, "तुम्ही जाऊन या. हवापाण्याचं बोला."

दोघं बागेतल्या मोठ्या खडकावर चढून गेले. वर वारा होता.

"ऊन बरं आहे आज," विद्याश्री म्हणाली.

"हो. वाराही."

"एवढंच बोलायची परवानगी आहे आपल्याला." आणि तिने त्याला राहुकाळाचं सगळं सांगितलं.

तो मोठ्याने हसला. "म्हणजे बारापर्यंत बोललेलं धरत नाहीत?"

"नाही."

"मग सांगतो. मुंबईची ती कचेरी मी बघून आलोय. चौथा मजला. खिडकीतून समोरच्या कचेरीची खिडकी दिसते. तिथे एक माणूस बसला होता, तो माझ्याकडे बघत होता. दोघांनाही एकमेकांची कीव आली."

"मग कशाला हो म्हणालात?"

"जहाज म्हटल्यावर दोन-चार ठिकाणी नकार आला. या वेळी आधीच वाकलो."

विद्याश्रीने पायाखालचा खडा चपलेने बाजूला सारला. "मी हो म्हटलं होतं ते त्या जहाजाला. तुम्ही कचेरीत बसणार असलात तर माझा नकार आहे. तेवढंच सांगायला आले."

"आणि नाही बसलो तर?"

ती उतरायला लागली. चार पावलं गेल्यावर मात्र थांबली, त्याच्यासाठी.

गाडी घराशी आली तेव्हा बारा वाजून गेले होते. तुंगाबाईंनी पाटावर बसवून पाहुण्याला उप्पीट आणि केसरीभात दिला. विद्याश्री आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. नंजप्पा दारातून पाहत होता. त्याला ते नीटसं कळलं नाही.

"तर मग," तुंगाबाईंनी सुरुवात केली, "जहाज कधी सोडणार म्हणता?"

सुधींद्रचा घास हातात राहिला.

"ते जहाज सोडणार नाहीत," विद्याश्री म्हणाली.

"कुणी ठरवलं?"

"आम्ही."

नरसिंगरावांनी मान वर केली. "म्हणजे विद्या मग इथेच..." म्हणाले आणि वाक्य केसरीभाताबरोबर गिळून टाकलं.

तुंगाबाई भाचीकडे पाहत होत्या. "कधी ठरवलं?"

"लालबागेत."

तुंगाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग विद्याश्रीच्या तोंडाकडे. ते तोंड त्यांनी बऱ्याच वर्षांत असं पाहिलं नव्हतं. त्या उठल्या, आत गेल्या, देवापुढची वात सारून आल्या आणि पदर सावरून ताठ बसल्या.

"मघाचं काही धरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आता पहिल्यापासून म्हणा. दोघांनी."

सुधींद्रने बशी खाली ठेवली. "मी जहाज सोडणार नाही."

"सोडू नका," विद्याश्री म्हणाली.

"मोठ्याने म्हण. नरसिंगला कमी ऐकू येतं."

नरसिंगरावांचे कान उत्तम होते. त्यांनी लगेच तळहात कानामागे धरला.