झाकलेल्या थराचा सूड

"आधी प्रत काढून ठेव, मग सगळे थर एक कर, आणि मोठं छापण्याआधी लहान कागदावर छापून बघ रे, सोन्या!" मावशीचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. ज्याला सांगितलं, त्याने मात्र या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

मित्रांनो, मी एक जुना थर आहे. संगणकावर चित्र रंगवताना आभाळ एका पारदर्शक थरावर, झाड दुसऱ्यावर, पाखरं तिसऱ्यावर, असं एकावर एक रचत जातात. माझ्यावर फक्त मावशीचं नाव आहे, डाव्या कोपऱ्यात, थरथरत्या हाताने लिहिलेलं. हे तिचं शेवटचं चित्र. आता हात पेन धरत नाही. "एवढं वाचनालयाच्या भिंतीवर लागलं, की मी भरून पावले," असं ती म्हणायची.

छपाईची तयारी तिच्या भाच्याकडे, म्हणजे त्या सोन्याकडे, आली. पठ्ठ्याने उजव्या कोपऱ्यात नव्या थरावर स्वतःचं नाव लिहिलं, तेही झगमगत्या पिवळ्या रंगात! पडद्यावरच्या यादीत प्रत्येक थरापुढे एक छोटा डोळा काढलेला असतो. तो मिटला, की थर दिसेनासा होतो. मावशी बघायला बसली, की तो माझा डोळा उघडायचा आणि आपल्या नावाचा मिटायचा. ती उठली, की उलट. वर गोड बोलणं, "छापलेलं पहिल्यांदा तुझ्याच हातात देईन हं, मावशी!"

माझा आतून एकच जप चालला होता. थांब बेट्या, तुझीही वेळ येईल.

मावशीला ओळखणाऱ्या छापखान्यातल्या ताईंनी विचारलं, "थर एक करून आणलेत ना?"

"अहो ताई, मी काय आज शिकतोय का?"

"लहान नमुना काढू?"

"वेळ कुठाय? वाचनालयात खिळा ठोकून वाट बघतायत. मोठंच काढा."

थर त्याने एक केलेच नव्हते! केले असते, तर डोळा मिटलेला मी तिथेच गळून गेलो असतो. आणि तिथल्या यंत्राला मिटलेला डोळा कळत नाही. थर सापडला, की ते छापतं. मग मी असा बाहेर आलो, काळाकुट्ट, ठसठशीत! त्याचं नाव? पडद्यावरची झगमग शाईला जमत नाही. ते फिक्या आभाळात पार विरघळलं.

"हे... हे परत छापा," तो पुटपुटला.

"का बरं? चित्र मावशींचं, नाव मावशींचं. चूक कुठाय, दादा?"

चूक दाखवायची, तर "माझ्या मावशीचं नाव पुसा" असं त्याला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं असतं. त्याने खिशातून पैसे काढून मोजले. मला काय गार वाटलं म्हणून सांगू! क्षमा करावी, असं मावशी रोज दिवा लावताना म्हणते. माझ्याने ते होत नाही.

मित्रांनो, चित्र छापायला देताना एकेक थर उघडून बघा. आणि ज्याने रंगवलं, त्याचं नाव झाकू नका. झाकलेला विसरत नसतो.

त्याने चित्र गुंडाळलं.

"वाचनालय उजवीकडे हं," ताई म्हणाल्या.

त्याने मान हलवली, मला छातीशी धरून पायऱ्या उतरला, आणि डावीकडे वळला, मावशीच्या घराकडे.