घंटी वाजेपर्यंत

मी एक जुनी पितळी घंटी आहे, मित्रांनो, आणि माझा स्वभाव जरा फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते. डोक्यावरची कळ दाबली की टण्ण! गोड बोलणं आपल्याला जमत नाही. इतवारी बाजारातल्या एका कारागिरानं मला घडवलं आणि नागपुरातल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये, परीक्षकांच्या टेबलावर मी येऊन बसले. वक्तृत्व स्पर्धेत वेळ संपली की वाजायचं, एवढंच काम. पण काय रुबाब होता माझा! भल्याभल्यांची मी ऐन टाळीच्या वाक्यावर बोलती बंद केली आहे.

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं असताना प्रेमिला कॉलेजात आली. तिचे वडील देवराव मूळचे उमरेडचे, हातमागावर वाढलेले. पुढे नागपूरच्या एका कापडगिरणीत लागले. पोरीला वकील व्हायचं होतं. आणि गंमत बघा, तिच्यासाठी मला कधी वाजावंच लागलं नाही! मंचावर आली की मान खाली घालून पाठ केलेलं भाषण ती धडाधडा म्हणून टाकायची. श्वास घेतला तर पुढचं वाक्य विसरेन, ही धास्ती. निम्म्या वेळातच आभार मानून खाली उतरायची. मागची पोरं ‘जी.टी. एक्स्प्रेस आली’ म्हणून चिडवायची.

स्पर्धा घेणारे मनोहरराव सर मनानं चांगले, पण जिभेला हाड नाही. एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, “वकील व्हायचंय ना तुला? मग आधी घंटी वाजेपर्यंत टिकून दाखव.”

पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझं नाव घेऊन तिला रडवायचं काय कारण होतं? मला असा राग आला त्यांचा! हॉल रिकामा झाल्यावर ती माझ्याच टेबलाशी उभी राहून मैत्रिणीला, ताराला, सांगत होती की आता गॅदरिंगच्या स्पर्धेत शेवटचं बोलेन. तिथंही असंच झालं तर वकिलीचं नाव काढणार नाही, टायपिंग शिकून कुठंतरी चिकटेन. तारानं विचारलं, घरी तर छान बोलतेस, मग इथं काय होतं? प्रेमिला म्हणाली, घरी घाई चालतच नाही. गिरणीतल्या मागांच्या खडखडाटानं बाबांचे कान मंद झालेत. त्यांच्यासमोर बसायचं, एक गोष्ट सांगायची, ती पोचली का ते त्यांच्या डोळ्यांत बघायचं आणि मगच दुसरी. रोजचा पेपरही ती त्यांना असाच समजावून सांगायची. मी मनात म्हटलं, अगं वेडे, काखेत कळसा नि गावाला वळसा!

गॅदरिंगचा दिवस उजाडला. विषय होता ‘यंत्र आणि माणूस’. प्रेमिला उभी राहिली आणि गाडी सुटली ती सुटलीच. मध्येच कशी कोण जाणे, तिची मान वर झाली. शेवटच्या रांगेत देवराव बसले होते. पाळी संपवून तसेच आलेले, डोक्यात कापसाचे तंतू, पुढे वाकून कानामागे तळहात धरलेला. लेकीचं एक अक्षर त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

ती थांबली. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, संपलं सगळं. मग तिनं श्वास घेतला आणि थेट शेवटच्या रांगेकडे बघून, खणखणीत आवाजात, नव्यानं सुरुवात केली. “उमरेडच्या हातमागावर माणसं विणता विणता गप्पा मारतात. गिरणीत ती खुणांनी बोलतात. माझे वडील गावभराला कापड पुरवतात, पण त्यांना घरी माझी हाक ऐकू येत नाही.”

थांबली. पाहिलं. देवरावांनी मान हलवली, तेव्हाच ती पुढे गेली. एवढ्यात सरांचा हात माझ्यावर आला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मला वाजू नये असं वाटलं, पण वाजावं लागलं. प्रेमिला वाक्य अर्धवट सोडून थांबली. आणि ज्यांना मी ऐकूच आले नव्हते, ते देवराव मागून मोठ्यानं म्हणाले, “थांबली काहून वं? पुढं सांग ना!”

आधी हशा पिकला, मग टाळ्या थांबेनात. भाषण अपुरं राहिल्यामुळे बक्षीस दुसऱ्याला गेलं. पण जाताना प्रेमिलानं माझ्यावरून हलकेच बोट फिरवलं, आणि पुढे ती वकील झालीच.

नंतर विजेची घंटी आली आणि मला कपाटात टाकलं. हिरवी पडले, कळ अडकू लागली. कुणी ढुंकून पाहिलं नाही. खूप वर्षांनी एका स्पर्धेच्या दिवशी वीज गेली, तेव्हा कुठे माझी आठवण झाली! परीक्षक होत्या अ‍ॅडव्होकेट प्रेमिलाताई. त्यांनी मला पदरानं पुसलं. देवराव तेव्हा राहिले नव्हते.

मंचावर एक मुलगी आली आणि पुन्हा तीच जी.टी. एक्स्प्रेस! प्रेमिलाताई उठल्या, शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या आणि त्यांनी कानामागे तळहात धरला. मुलीनं ते पाहिलं, श्वास घेतला आणि सावकाश बोलू लागली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना अधूनमधून चिंच लावून घासत जा, हे तर मी सांगणारच. पण कुणी घाबरत बोलत असेल, तर शेवटच्या रांगेत कान देऊन बसणारं एक तरी माणूस असू द्या. त्या मुलीची वेळ केव्हाच संपली होती. मला वाजवणारी मागे जाऊन ऐकत बसली होती, आणि खरं सांगते, मीही हूं की चूं केलं नाही.