झाकणाची खबर सांगणारा

या मित्रांनो, असे जवळ सरका. चित्त थाऱ्यावर आणा, कान इकडे द्या. एका मुक्याची गोष्ट त्याच्याच तोंडून ऐकवतो.

मी एक जुना इनपुट टर्मिनल आहे. म्हणजे बोटभर रुंदीचा, करड्या प्लास्टिकचा एक तुकडा. साबणाच्या कारखान्यात, लोखंडी पॅनेलच्या पोटात, एका पट्टीवर आम्ही सोळा भावंडं खांद्याला खांदा लावून बसायचो. एकाला काढून त्याच्या जागी दुसरा बसवता येतो, अशी आमची घडण. प्रत्येकाकडे आपापली वायर आणि आपापली खबर. कोणी साबण किती तापलाय ते सांगे, कोणी टाकी किती भरलीय ते. खबर सांगायची ती टोकाला बसलेल्या कंट्रोलरला, म्हणजे सगळी यंत्रं चालवणाऱ्या डोक्याला; आपसांत चकार शब्द नाही. सोळा जण एका घरात, आणि जन्मभर अबोला!

माझ्याकडे मोठ्या मिक्सरच्या झाकणाची खबर. झाकण बंद असलं की माझा हिरवा दिवा लागे. उघडलं की विझे, आणि मिक्सर थांबे. देवाने मला शब्द दिले दोनच, 'हो' आणि 'नाही'. पण त्या दोन शब्दांवर माणसांचा केवढा विश्वास! मिक्सर साफ करण्यापूर्वी मेन स्विच बंद करायचा, असा नियम भिंतीवर लिहिलेला होता खरा. पण झाकण उघडलं की यंत्र थांबतंच, मग तिथवर जातंय कोण? नियम भिंतीवरच राहिला.

दर सोमवारी वायरमनकाका पॅनेल उघडत. "काय मंडळी, बरं चाललंय ना?" असं म्हणत मऊ ब्रशने धूळ झाडत, एकेक वायर हलकेच ओढून बघत. बाकी सहा दिवस अंधार आणि पंख्याची घरघर. मी आपला सोमवारकडे डोळे लावून असायचो.

मग काका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले, आणि नेमका तेव्हाच झाकणावरचा स्विच सैल झाला. झाकण बंद असूनही माझा दिवा मिचमिच करी, मिक्सर मध्येच थांबे.

"सकाळपासून सातवी वेळ!" ऑपरेटर वैतागला. "साबण गोठला की साहेब मलाच वड्या पाडून विकतील."

त्याने माझी वायर सोडवून बाजूला टांगली. शेजारच्या सप्लायमधून वीतभर तांबडी वायर आणली आणि थेट माझ्यात खुपसली. "काका येईपर्यंतच हं," असं पॅनेललाच बजावून त्याने दार लावलं.

झालं! आता वीज मला सततच मिळू लागली; झाकण उघडं असो वा बंद, माझं आपलं एकच, 'बंद आहे, बंद आहे'. लबाडी माझी नव्हती, मित्रांनो, पण तोंड माझं होतं. ओरडावं तर गळा नाही, शेजाऱ्याच्या कानात सांगावं तर अबोला. त्या अकरा दिवसांइतका एकटा मी कधीच नव्हतो.

बाराव्या दिवशी सकाळी काका आले, डोळ्यांवर काळा चष्मा लावून. त्यांनी पॅनेल उघडलं. तेवढ्यात मागून खरवडण्याचा आवाज आला. साफसफाईच्या मावशी झाकण उघडून मिक्सरमध्ये कंबरेपर्यंत वाकल्या होत्या. काकांनी आधी मागे वळून त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. माझा दिवा हिरवागार!

पलीकडच्या खोलीत ऑपरेटरने पडद्यावर 'झाकण बंद' वाचलं आणि बटण दाबलं.

मिक्सर गुरगुरला. काकांनी मला चिमटीत धरलं आणि पट्टीतून उपटलं. सोळातला एक गेला, हे कळताच कंट्रोलरने सगळं काम जागीच थांबवलं. पातं वीतभरच फिरलं होतं.

"मावशी! अहो मावशी!"

"ओरडताय कशाला? मेले नाही अजून!" आतून आवाज आला. "खरवडणी तेवढी वाकली." मावशी बाहेर आल्या, दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, आणि मग जमिनीवरच बसल्या.

ऑपरेटर धावत आला. तांबडी वायर पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "काका, तात्पुरती लावली होती हो. मग मिक्सर नीट चालला, आणि... राहूनच गेली."

"बाबा रे," काका हळूच म्हणाले, "जो 'नाही' म्हणतो, त्याचं ऐकायचं असतं. त्याचं तोंड बांधायचं नसतं."

उपटताना मला पट्टीवर धरून ठेवणारा खटका तुटला. माझ्या जागी नवा आला, झाकणावरचा स्विच घट्ट झाला, आणि सफाईआधी मेन स्विचला कुलूप लागू लागलं. मला काकांनी आपल्या खणात ठेवलं, दोन फ्यूज आणि चष्म्याच्या मोडक्या काडीशेजारी. "तुला कसा टाकू रे?" म्हणाले. पुढे ते निवृत्त झाले. त्या दिवशी निरोपाच्या गडबडीत खण उघडायचा राहिला. आता सोमवार कधी येतो, तेही मला कळत नाही.

पण माझी कीव नको. माझ्यासारखे कितीतरी मुके आज अंधारात बसून खबर सांगताहेत. त्यांची धूळ झाडा, त्यांना खरं बोलू द्या. आणि मित्रांनो, उद्या मोठे होऊन कुठल्या यंत्राचं बटण दाबाल, तेव्हा पडदा काहीही सांगो, आत वाकलेल्या मावशींना आठवा. जागेवरून उठा, आणि आधी बघून या.