पांढऱ्या रेघेच्या आतली वाट

मी एक जुनी, काळी, बावीस इंची सायकल आहे, आणि मित्रांनो, मला माणसांचं फारसं कौतुक नाही.

किसनसिंगानं मला विकत घेतलं तेव्हा सारा तांडा बघायला जमला होता. मी रोज दुधाचे कॅन लादून आखाडा बाळापूरला जायचे. किसनसिंग मला पुसायचा, साखळीला तेल घालायचा. पुढं त्यानं मोटारसायकल घेतली आणि मी गोठ्याच्या भिंतीला टेकले. ज्या सीटवर बसून त्यानं संसार उभा केला, त्या सीटवर कोंबड्या बसू लागल्या. माणसाची कृतज्ञता एवढीच!

मला बाहेर काढलं त्याच्या लेकीनं, रुपानं. तिची शाळा बाळापूरला होती. आधी दांड्याखालून पाय घालून, मग दांड्यावरून, असं ती महिनाभरात शिकली.

त्याच सुमारास बाळापूरचा रस्ता रुंद झाला. कडेला एक पांढरी रेघ मारली आणि तिच्या आतली वाट सायकलींसाठी ठेवली. उद्घाटनाला साहेब आले ते गाडीतून, आणि ती गाडी त्यांनी त्या वाटेवरच उभी केली. सायकलीच्या फायद्यांवर लांबलचक भाषण झालं. भाषण करणाऱ्याला पायडल कोणत्या बाजूला असतं तेही ठाऊक नसावं. दुसऱ्या दिवसापासून तिथं जीपा लागल्या. मग रसाचा गाडा आला. मग कुणाच्या तरी घराची वाळू पडली.

बाजारच्या दिवशी त्या जीपांना वळसा घालायला रुपा मोठ्या रस्त्यावर उतरली. मागून ट्रक आला. तो अंगाला लागला नाही, पण इतका जवळून गेला की आम्ही दोघी खडीत फेकल्या गेलो. माझं हँडल वाकलं, तिचा हात मोडला.

संध्याकाळी किसनसिंग म्हणाला, "बस झाली शाळा. लेकरू जिवानिशी गेलं असतं."

चुलीपुढून जिवनबाईनं, रुपाच्या आईनं, मान वर केली. "रस्ता जीपवाल्यानं अडवला. मग पोरगी काहून घरी बसंल?"



सकाळी जिवनबाईनं मला घेतलं. तिला सायकल येत नव्हती. वाकडं हँडल धरून ती चालत बाळापूरला आली आणि पहिल्या जीपपुढं तिनं मला आडवं लावलं.

"ओ बाई, काहून आडवी लावून राहिल्या? शिटा भरायच्यात!" जीपवाला ओरडला.

"गाडी काढ. ही सायकलीची वाट हाय."

"कोण चालवतंय इथं सायकल?"

"चालवत व्हती माझी लेक. तुमच्यापायी हात मोडून पडली घरी."

लोक जमले. सगळे बघत राहिले. बघ्यांची जात मला जीपांहूनही हलकी वाटते.

तेवढ्यात आमच्या तांड्यातल्या उत्तमरावांची सून पुनम तिच्या बॅटरीच्या सायकलीवरून आली. त्या यंत्राचा मला भारी तिटकारा. लाइट गेली की ते मुकं, चढ आला की रडकं. पण पूर्वी अंगणवाडीत शिकवायला जायचं तर पुनम सासऱ्यांच्या मोटारसायकलीची वाट बघत ओट्यावर बसायची. आता ती तिच्या वेळेला निघत होती. तिनं ते लाडावलेलं यंत्र माझ्याशेजारी आडवं उभं केलं.

"मलाबी रोज इथून जायचंय," ती जीपवाल्याला म्हणाली. "काढा गाडी."

शाळेच्या पोरी आल्या. त्यांनीही आपल्या सायकली लावल्या. जीपवाला पुटपुटत मागं सरकला. त्याच्यामागं दुसरी जीप हलली, मग गाडा.

पुढंही जीपा यायच्या, आणि जिवनबाई पुन्हा जायची. हात बरा झाल्यावर किसनसिंगानं माझं हँडल सरळ केलं आणि रुपा पुन्हा शाळेत जाऊ लागली. वाट मोकळी दिसली तशा तांड्यातल्या आणखी पोरी सायकलीवर निघाल्या. ती रेघ कधीपासूनच तिथं होती. तिच्या नुसत्या असण्यानं एकही पायडल फिरलं नव्हतं.

म्हणून मित्रांनो, मला तेल घाला, पुसा, असं मी म्हणणार नाही. मी लोखंड आहे, गंजेन. पण सायकलीच्या वाटेवर तुमच्या वडिलांची गाडी उभी दिसली, तर लाजू नका. त्यांना काढायला सांगा. ते हसतील. तुम्ही तिथून हलू नका.